आठवी ओळ

चार ऑगस्ट, सोमवार, सकाळी सव्वादहा. रक्कम पन्नास रुपये. हजर तिघे : मी, काउंटरमागे मनोहर कंपाउंडर आणि बाकावर गुडघे दाबत बसलेले एक आजोबा. आजोबांचा या प्रकरणाशी काही संबंध नाही, पण ते होते म्हणून लिहिते. पन्नास रुपये मी मनोहरच्या हातात दिले, तुमची फाइल रिपीटच्या ट्रेमध्ये ठेवली आणि संध्याकाळी सहाला जाऊन नवी चिठ्ठी घेऊन आले. त्या चिठ्ठीत सात औषधं होती, ताई. हवी होती आठ.

आज तुम्हाला जाऊन सात आठवडे झाले. भेटायला येणारे म्हणतात, रडून मोकळी हो. मला मोकळं व्हायचंच नाही. मला कोणाची तरी मानगूट धरायची आहे, आणि ती नेमकी कोणाची हे ठरेपर्यंत मी डोळे पुसत बसणार नाही.

दवाखान्यातली रिपीटची पद्धत तुम्ही कधी पाहिली नाहीत. गुडघ्यांमुळे दोन मजले उतरणं तुम्हाला तीन महिन्यांतून एकदाच, तपासणीपुरतं जमायचं. मधल्या महिन्यांत मी जायची. काउंटरवर हिरवा प्लॅस्टिकचा ट्रे असतो. अकराच्या आत त्यात फाइल टाकायची, पन्नास रुपये द्यायचे. मनोहर दुपारी जुनी चिठ्ठी पाहून नवी लिहितो, डॉक्टर दोन पेशंटच्या मधे सह्या करतात. वाचत नाहीत. वाचायची गरज नाही असं त्यांना वाटतं, कारण मनोहरचं अक्षर छापल्यासारखं आहे. मेडिकलवालेसुद्धा त्याच्या चिठ्ठीवर खूश. आख्ख्या महाल भागात अशी वाचता येणारी चिठ्ठी दुसऱ्या दवाखान्याची नाही.

आणि ते अक्षर तुम्ही दिलंत. भिवापूरच्या शाळेत, चौथीच्या वर्गात, रोज दहा ओळी गिरवून घेऊन. मी किती वेळा ऐकलं असेल ते. चिठ्ठी घरी आली की तुम्ही चष्मा लावायच्या, वरच्या औषधांकडे पाहायच्याही नाहीत, सरळ तळाशी जायच्या. तिथे त्याने लिहिलेलं असायचं : ‘बाईंना नमस्कार. मनोहर.’ दर महिन्याला. आणि तुम्ही दर महिन्याला मला दाखवायच्या.

‘‘पाह्य वं वैशाली. ‘स्का’ कसा काढला पाह्य. माहा विद्यार्थी हाय तो.’’

मी म्हणायची, ‘‘डॉक्टरांच्या कागदावर नमस्कार-चमत्कार कशाला? तो काय पोस्टकार्ड आहे?’’

‘‘तुले काहून जळून राहिलं? तुले कोणी नमस्कार लिहीत नाही म्हणून?’’

यावर तुमचा भाऊ पेपरामागे हसायचा. हे हसले की माझा मुद्दा गेला.

आता तो मुद्दा परत आणते. तुम्ही ऐका, कारण आता तुम्हाला उलट बोलता येणार नाही.

जुलैअखेरीस डॉक्टरांनी पॅड बदललं. औषध कंपनीकडून फुकट आलेलं, निम्म्या आकाराचं, खाली निळ्या पट्टीत कसल्याशा टॉनिकची जाहिरात. त्यावर आखलेल्या ओळी आठ. तुमची औषधं आठ. बीपीची दोन, साखरेची दोन, थायरॉइडची, कॅल्शियमची, पोटाची, आणि शेवटी ती रक्त पातळ ठेवणारी पिवळी गोळी, जी दोन वर्षांपूर्वी हृदयाचा ठोका चुकायला लागला तेव्हा सुरू झाली. आठ ओळी, आठ औषधं, बरोबर बसली असती. पण आठव्या ओळीवर नमस्कार होता.

गोळ्या भरायला मी तुमच्यासाठी प्लॅस्टिकची सात कप्प्यांची डबी आणली होती. तुम्ही ती खिडकीत ठेवून दिलीत आणि भिवापूरहून आणलेला स्टीलचा मसाल्याचा डबा काढलात. सात वाट्या, सात वार. मधली वाटी रविवारची. कितीही घासला तरी त्याला तिखटाचा वास येत राहिला. मी म्हटलं, असल्या डब्यात औषध कोण ठेवतं? तुम्ही म्हणालात, गोळ्या गिळाच्याच हाय तर चवीनं गिळीन. पिवळ्या गोळीला तुम्ही हळद म्हणायच्या. बीपीची लाल, ती तिखट.

राखीच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी डबा भरत होते. तुम्ही पलंगावर पाय सोडून बसला होतात, हातातलं राखीचं उरलेलं रेशीम गुंडाळत. भरलेल्या वाट्या पाहिल्यात आणि म्हणालात,

‘‘अवं, माही हळद कुठी गेली?’’

‘‘चिठ्ठीत नाही.’’

‘‘काहून?’’

‘‘बंद केली असेल डॉक्टरांनी. चिठ्ठीत नाही, बिलात नाही, मग डब्यात कुठून येणार?’’

‘‘मंग डॉक्टराले विचारून पाह्य न एकडाव.’’

‘‘विचारायला आत जावं लागतं, ताई. आत गेलं की तपासणीचे दोनशे रुपये. ऑक्टोबरात तुमची तपासणी आहेच, तेव्हा विचारू.’’

तुम्ही रेशीम गुंडाळत राहिलात. मग म्हणालात, ‘‘मनोहर चुकणार नाही म्हणा.’’

हे वाक्य तुमचं. दोनशे रुपयांचं वाक्य माझं. दोन्ही मी जशीच्या तशी लिहिली आहेत.

आणि लिहायला बसलेच आहे तर हेही लिहिते. त्या महिन्याचं औषधाचं बिल सहाशे चाळीस रुपयांनी कमी आलं आणि मला बरं वाटलं. मी चिठ्ठी आणि बिल शेजारी शेजारी ठेवून प्रत्येक औषधापुढे पेन्सिलीने टिक केली. सात औषधं, सात टिका. पतसंस्थेत एकोणीस वर्षं कॅशियर आहे मी. दोन कागद एकमेकांशी जुळले की माझ्यासाठी विषय संपतो. मागच्या महिन्याचा कागद मी काढला नाही. नव्या मुलींना पहिल्या दिवशी मी हेच शिकवते, की आधी मागचं पान बघा.

एक सप्टेंबरला पुन्हा रिपीट. मनोहरने ऑगस्टची चिठ्ठी पाहून सप्टेंबरची लिहिली. पुन्हा सात, पुन्हा नमस्कार. तुम्ही पुन्हा एकदा विचारलंत, या खेपेला हळू आवाजात, ‘‘हळद खरंच बंद झाली का वं?’’ मी भाकरी थापत होते. ‘‘सांगितलं ना एकदा,’’ म्हणाले. चाळीस पोरांचा वर्ग तुमच्या एका खाकरण्याने गप्प व्हायचा म्हणे. माझ्यासमोर दोनदा विचारून तुम्ही गप्प बसलात. याबद्दल मी तुम्हाला माफ केलेलं नाही. भांडायचं होतं. ठेच्यावरून भांडायच्या, पंख्याच्या वेगावरून भांडायच्या, तुमचा जीव ज्या गोळीत होता तिच्यावरून मात्र भांडला नाहीत.

दहा ऑगस्टपासून सदतीस गोळ्या चुकल्या. सोळा सप्टेंबरला सकाळी तुम्ही चहाचा कप उचललात आणि तो तुमच्या हातातून निसटला. तुम्ही कपाकडे पाहिलंत, मग माझ्याकडे, आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं. मोठ्या इस्पितळात नेल्यावर तिथल्या डॉक्टरांनी औषधांची यादी मागितली. मी पिशवीतून सप्टेंबरची चिठ्ठी काढून दिली. त्यांनी ती पाहिली, उलटून पाहिली, आणि विचारलं, ‘‘रक्त पातळ करायची गोळी कोणी बंद केली?’’

त्या क्षणापासून आतापर्यंत मी त्या प्रश्नाचं उत्तर मागत फिरते आहे.

तुम्ही नऊ दिवस होतात. बोलणं गेलं होतं, उजवा हात गेला होता. पाचव्या दिवशी मनोहर आला. पन्नाशी ओलांडलेला, टक्कल पडलेला माणूस, तुमच्या पायांशी उभा राहून चौथीतल्या पोरासारखा रडत होता. त्याला कळलं होतं. मी दारातच त्याला चिठ्ठी दाखवली होती. मला वाटलं, आता तुम्ही तोंड फिरवाल. तुम्ही डावा हात उचलला. किती वेळ लागला तो उचलायला, मी पाहत होते. तो तुम्ही त्याच्या डोक्यावर ठेवलात.

मला न विचारता. अंथरूण मी बदलत होते, नळीतून पातळ मी देत होते, केस मी विंचरत होते. आणि माफी वाटायची वेळ आली तेव्हा ती पहिली त्याला. माझ्याकडे तुम्ही नुसतं पाहत होतात. चार दिवस आणखी पाहिलंत. त्या पाहण्यात काय होतं ते मला वाचता आलं नाही, ताई. तुम्ही मला अक्षर शिकवलं नव्हतं.

तेराव्यानंतर मी तीन चिठ्ठ्या घेऊन दवाखान्यात गेले. जुलैची, ऑगस्टची, सप्टेंबरची. आत गेले नाही. बाहेर, सगळ्यांच्या समोर, डॉक्टर हात धुवायला आले तेव्हा त्यांच्यासमोर धरल्या. त्यांनी चष्मा लावला, पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. आवाज खाली आणून म्हणाले, ‘‘मनोहर सव्वीस वर्षं आहे माझ्याकडे. आजवर कधी असं झालं नाही.’’ मग म्हणाले, ‘‘पण वहिनी, तुमच्या कसं लक्षात आलं नाही? तुम्ही तर बिलातला रुपया सोडत नाही.’’

 मी चिठ्ठ्या घडी करून पर्समध्ये टाकल्या आणि घरी आले. हे म्हणाले, ‘‘आता सोडून दे. ताई परत येणार आहे का?’’ तुमचा भाऊ चांगला माणूस आहे. चांगल्या माणसांमुळेच असल्या गोष्टी दडपल्या जातात.

मी ठरवलं की मनोहरची नोकरी घालवायची. तक्रार वगैरे नंतर. आधी त्याचं ते अक्षर सगळ्यांसमोर खोटं पाडायचं. ज्याने एक ओळ गाळली त्याने शंभर गाळल्या असतील. दिवाळीत घरी दिवा लावला नाही. दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी सहाला, पतसंस्थेतून परस्पर, मी रिपीटवाल्यांच्या बाकावर जाऊन बसले. जो चिठ्ठी घेऊन वळेल त्याला म्हणायची, ‘‘मागची चिठ्ठी आहे का? द्या, जुळवून देते.’’

एक बाई दुसरीला म्हणाली, ऐकू येईल इतक्या हळू, ‘‘हिले घरी काही काम नाही का वं?’’

कळमन्याच्या बाजारात जन्मभर हमाली केलेले एक आजोबा. त्यांनी पिशवीतून चार घड्यांची चिठ्ठी काढली आणि माझ्याकडे बघून विचारलं, ‘‘तू डाक्टरीन हायस का?’’

‘‘नाही. मी कॅशियर आहे.’’

‘‘मंग पाह्य बापा. डाक्टर तं पाहतच नाही.’’

बाक हसला. काउंटरमागे मनोहर हसला नाही. तो खाली मान घालून फाइली लावत राहिला. मला ते फार बरं वाटलं.

तीन सोमवार बसले. एकाहत्तर चिठ्ठ्या जुळवल्या. औषधाचं नाव, ताकद, दिवसातून किती वेळा, किती दिवस. दोन लोकांची औषधं नऊ होती. त्यांच्या चिठ्ठीत मनोहरने आठव्या ओळीनंतर बाण काढून मागे लिहिलं होतं, तेही सरळ रेषेत. एकाहत्तरात चूक एकही नाही. एकही नाही, ताई! पतसंस्थेत माझ्या हाताखालच्या मुलींच्या एकाहत्तर नोंदींत तीन तरी निघतात.

तिसऱ्या सोमवारी शेवटचा माणूस गेल्यावर मी काउंटरपाशी गेले.

‘‘सगळ्यांच्या बरोबर,’’ मी म्हटलं. ‘‘ताईंचीच कशी चुकली?’’

त्याने पेनाला टोपण लावलं. मग म्हणाला, ‘‘वहिनी, बाईंचा कागद हाती आला का मी आधी खाली नमस्कार लिहितो. सगळ्यात आधी. मंग वरून औषधं. अकरा वर्षं तसंच करून राहिलो. त्या दिवशी नवं पॅड होतं. वरून लिहीत आलो, अन् खाली पोचलो तं ओळ भरलेली. कागद भरला म्हणजे झालं, असंच वाटलं मले.’’

‘‘मागे लिहायचं सुचलं नाही? इतरांच्या मागे लिहितोस.’’

‘‘इतरांच्या खाली नमस्कार नसते न, वहिनी.’’

मी तिथे उभी होते. एवढ्या सगळ्यांत जिच्यावर त्याचा जीव होता तिचीच ओळ त्याने खाल्ली. आणि मला आठवलं की तुम्ही दोनदा विचारलं तेव्हा मी भाकरी थापत होते. मला वाटलं होतं की कारण कळलं की माझा राग उतरेल. उतरला नाही. वाढला. दुष्ट माणसाचा सूड घेणं सोपं असतं. इथे सगळे तुमच्यावर माया करणारे निघाले, आणि त्या सगळ्यांनी मिळून तुम्हाला मारलं.

हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून सांगते. माझं गर्भाशय काढलं तेव्हा माझ्या उशाशी अकरा रात्री तुम्ही बसलात, माझी आई नाही. दर चार तासांची गोळी तुम्ही घड्याळात पाहून दिलीत, एकही न चुकवता. मी झोपेत तोंड फिरवलं तर तुम्ही नाक दाबायच्या. ‘‘गिळ वं, नाटकं नको करू.’’ तुमच्या वेळी माझ्या हातात डबा होता.

काल बुधवारी मी दवाखान्यात गेले. या खेपेला बाकावर बसले नाही. काउंटरवर शंभराच्या दोन नोटा ठेवल्या.

मनोहर म्हणाला, ‘‘रिपीट?’’

‘‘तपासणी. आत जायचं आहे.’’

‘‘नाव, वहिनी?’’

‘‘कुसुम.’’

त्याचं पेन कागदावर टेकलं आणि तिथेच थांबलं. मी थांबले नाही. तुमचं पूर्ण नाव सांगितलं, वय सांगितलं, पत्ता सांगितला. ‘‘लिही,’’ म्हटलं. त्याने लिहिलं. अक्षर तरीही बिघडलं नाही. इतकं चांगलं शिकवलंत तुम्ही.

आत डॉक्टरांनी केसपेपर पाहिला आणि म्हणाले, ‘‘हे काय वहिनी? मनोहर, यांचे पैसे परत कर.’’

‘‘पैसे परत नको,’’ मी म्हटलं. ‘‘फुकट दिलेलं उत्तर तुमच्या रजिस्टरवर येत नाही. पेशंटने दहा ऑगस्टला एक प्रश्न विचारला होता. तो मी तुमच्यापर्यंत आणला नाही. आज आणला आहे. पिवळी गोळी तुम्ही बंद केली होती का?’’

त्यांनी केसपेपर पुढे ओढला. मग म्हणाले, ‘‘नाही.’’

‘‘लिहून द्या.’’

त्यांनी स्वतः लिहिलं. त्यांचं अक्षर मी पहिल्यांदाच पाहिलं. मुंग्या चालल्यासारखं. लिहून झाल्यावर पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, ‘‘रिपीटचा ट्रे मी आजपासून बंद करतो. प्रत्येक चिठ्ठी वाचून सही करीन. आणि मनोहरचं तुम्ही सांगा. काढून टाका म्हणालात, तर काढतो.’’

दार उघडं होतं. बाहेर काउंटरवर फाइलींचा आवाज थांबला.

हीच घटका मी तीन सोमवार मागत होते. तुम्ही असता तर म्हणाला असता, ‘‘काहून त्या पोराच्या पोटावर पाय देऊन राहिली?’’ म्हणून स्पष्ट सांगते, मी जे बोलले ते तुमच्यासाठी नाही, आणि दयेपोटी तर मुळीच नाही.

‘‘काढू नका,’’ मी म्हटलं. ‘‘काढलंत तर तो भिवापूरला जाईल, मिरच्यांच्या शेतात रमेल, वर्षभरात विसरेल. त्याला इथेच ठेवा. याच पॅडवर. रोज तीस चिठ्ठ्या लिहू द्या, आणि रोज तीस वेळा आठव्या ओळीपाशी पोचू द्या.’’

 मी उठले. मला ठाऊक आहे की हीच शिक्षा मी स्वतःलाही दिली आहे. डबा अजून स्वयंपाकघरात आहे. हे म्हणाले होते, त्यात पुन्हा मसाले भरू. भरले आहेत. रोज दोन्ही वेळा मी हळदीच्या वाटीत बोट घालते.

घरी येऊन चष्मा लावला आणि ती चिठ्ठी वाचली. तुमच्यासारखी, तळापासून. वर एकच ओळ होती : ‘सदर गोळी बंद केलेली नव्हती.’ खाली सात ओळी कोऱ्या. नमस्कार नव्हता. जागा भरपूर होती.

तपासणी फी दोनशे रुपये, रोख. दिली मी. घेतली मनोहरने, डॉक्टरांसाठी. पावती तुमच्या नावाची.